झाडांच्या सावलीतली हिरवळ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकातील सर्व प्रश्न सोलापूर शहरातून आणि आसपासच्या भागातून आलेले असून ते झाडांखालच्या हिरवळीविषयी आहेत. पहिला प्रश्न गोल्फच्या ग्रीनचा, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलण्यासाठी अगदी बारीक कापून राखलेल्या हिरवळीचा असला, तरी त्याच्या उत्तरातील बराचसा भाग घरासमोर किंवा संस्थेच्या आवारात लॉन राखणाऱ्यांनाही लागू पडतो. म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला आमचे कृषी-पर्यटन केंद्र आहे. तेथे गोल्फच्या सरावासाठी एक छोटे पटिंग ग्रीन तयार करून त्यावर टिफड्वार्फ जातीचे गवत लावले आहे. ग्रीनच्या पूर्वेला आणि दक्षिणेला कडुनिंबाची जुनी, दाट झाडे आहेत. उन्हाळ्यात गवत बरे असते. पण दिवाळीनंतर त्या दोन बाजूंचे गवत लांबट, फिकट आणि विरळ होत जाते आणि जानेवारीत खालची माती दिसू लागते. युरिया दिला, पाणी वाढवले, उघड्या पडलेल्या जागी हरळीचे बी टाकले, तरी फरक पडला नाही. एका सल्लागारांनी झाडे काढण्यास सांगितले आहे. ही झाडे वडिलांच्या हातची आहेत, त्यामुळे ती तोडण्याची आमची इच्छा नाही. काय करावे?
— केंद्राचे व्यवस्थापक

उत्तर : आपल्या पत्रातील वर्णनावरून गवताला रोग झालेला दिसत नाही आणि खताचीही मुख्य अडचण नाही, त्याला ऊन अपुरे पडत आहे. टिफड्वार्फ हे हरळीच्याच कुळातले संकरित गवत आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथील संशोधन केंद्रातून १९६५ मध्ये ते प्रसारित झाले आणि उष्ण प्रदेशांतील ग्रीनसाठी जगभर वापरले गेले. मूळ हरळीचे गुण आणि दोष दोन्ही त्यात उतरले आहेत. कडक उन्हात ते झपाट्याने पसरते, तुडवले तरी सावरते, पाण्याचा ताणही बऱ्यापैकी सोसते. सावली मात्र त्याला सोसत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही शेताच्या बांधावर हे पाहता येते. जी हरळी मोकळ्या रानात खुरपून खुरपून शेतकऱ्याला हैराण करते, तीच बांधावरच्या आंब्याच्या किंवा चिंचेच्या दाट सावलीत शिरताना विरळ होत होत बुंध्याजवळ नाहीशी झालेली असते.

आपण एक साधी तपासणी करावी. ग्रीनच्या मध्यभागी, भरपूर ऊन मिळते तेथून, आणि निंबाच्या बाजूच्या कडेवरून असे दोन छोटे तुकडे धारदार चाकूने सुमारे १० सेंटिमीटर खोलीपर्यंत कापून काढावेत, माती धुऊन ते पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवावेत आणि नीट पाहावेत. उन्हातल्या तुकड्यातील काडीची पेरे आखूड, पाती अरुंद पण ताठ आणि प्रत्येक सांध्याजवळ फुटवे आलेले दिसतील, तर मुळ्या दाट आणि पांढुरक्या असतील. सावलीतल्या तुकड्यात पेरे लांबलेली, पाती पातळ आणि उभी, फुटवे मोजके आणि मुळ्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच संपलेल्या आढळतील. गवत कमी उजेडात उंच वाढून उन्हापर्यंत पोचण्याचा प्रयत्न करते आणि त्यासाठी मुळांतला आणि काड्यांतला साठा खर्च करते. झाडाच्या पानांतून गाळून येणारा उजेड नुसता कमीच असतो असे नाही, तर तो वेगळाही असतो. पाने लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतात आणि त्यापलीकडचा, अन्न तयार करण्यास जवळजवळ निरुपयोगी असा दूर-लाल प्रकाश खाली सोडतात. त्या प्रकाशाचे प्रमाण वाढले, की गवताला आपण दुसऱ्या वनस्पतीखाली दबलो आहोत याची खूण मिळते आणि त्याची लांबट वाढ आणखी जोर धरते. अशा अवस्थेत युरिया दिल्यास पाती अधिकच लुसलुशीत होतात, उरलासुरला साठाही वरच्या वाढीत जातो आणि मुळे आणखी आखडतात. म्हणून आपण केलेला उपाय नुसता निष्फळ ठरला असे नव्हे, तर त्याने नुकसान वाढवले असण्याची शक्यता अधिक आहे.

हे नुकसान दिवाळीनंतरच का दिसते, याचे कारण सूर्याच्या वाटेत आहे. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य येथे जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो आणि झाडाची सावली त्याच्या पायाशीच पडते. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र दुपारी साडेबाराच्या आसपासही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. त्या वेळी १० मीटर उंचीच्या झाडाची सावली उत्तरेकडे सुमारे पावणेनऊ मीटर लांब पडते. सकाळी नऊ वाजता सूर्य आग्नेयेला केवळ २५ अंशांच्या आसपास चढलेला असतो आणि तेव्हाची सावली तर २० मीटरच्याही पुढे जाते. आपली झाडे पूर्वेला आणि दक्षिणेला, म्हणजे ग्रीन झाडांच्या पश्चिमेला आणि उत्तरेला आहे. हिवाळ्यात सकाळचे ऊनही अडते आणि दुपारचेही. शिवाय थंडीत या गवताची वाढ आपोआपच मंदावलेली असते, त्यामुळे झालेली झीज भरून निघत नाही. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येतो, गवत जोर धरते आणि दुखणे झाकले जाते.

झाडे काढण्याच्या सल्ल्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. गोल्फच्या जगात अशी उदाहरणे आहेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामधल्या ओकमाँट या प्रसिद्ध मैदानावरून गवताच्या आणि मूळ आराखड्याच्या हितासाठी हजारो झाडे काढण्यात आली. परंतु जेथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जाणे नेहमीचे आहे, पाऊस कमी आणि लहरी आहे, तेथे वाढलेल्या निंबाची किंमत सरावाच्या ग्रीनपेक्षा कितीतरी जास्त आहे. झाड राखून जेवढे ऊन मिळवता येईल तेवढे मिळवावे, आणि तेवढ्यानेही न भागल्यास ग्रीन हलवावे, झाड नव्हे.

ऊन मिळवण्यासाठी प्रथम ते आज किती मिळते हे पाहावे. निरभ्र दिवशी, शक्यतो डिसेंबरमध्ये, सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला एकाच जागेवरून ग्रीनचे छायाचित्र घ्यावे आणि कागदावर ग्रीनचा आराखडा काढून प्रत्येक भागाला किती तास थेट ऊन मिळाले ते लिहावे. मोबाइलमुळे हे काम आता कोणालाही जमते. इतक्या खाली कापल्या जाणाऱ्या या जातीला दिवसाकाठी सात-आठ तासांचे थेट ऊन हवे. या नोंदींवरून बहुधा असे दिसेल, की सगळी झाडे सारखीच दोषी नाहीत. आग्नेय कोपऱ्यातील एक-दोन झाडेच सर्वांत जास्त ऊन अडवतात. छाटणीची सुरुवात त्यांच्यापासून करावी.

छाटणी म्हणजे शेंडा उडवणे नव्हे. शेंडा छाटलेला निंब पुढच्या पावसाळ्यात झाडूसारखा दाट फुटतो आणि सावली पूर्वीपेक्षा घट्ट होते. त्याऐवजी खालच्या आडव्या फांद्या बुंध्याजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढून झाडाचा घेर जमिनीपासून उचलावा. घेराची खालची कड चार मीटरपर्यंत उचलली, तर डिसेंबरमधील सकाळी नऊचे ऊन घेराच्या सूर्याकडच्या कडेपासून सुमारे साडेआठ मीटरपर्यंत जमिनीवर पोचू शकते. मागे झाडांची दुसरी रांग किंवा भिंत असेल, तर अर्थातच तेवढे मिळणार नाही. त्यानंतर आतल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि वाळलेल्या फांद्या विरळ कराव्यात. एका वर्षात जिवंत पानोऱ्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक काढू नये आणि एकूण उंचीच्या निदान दोन-तृतीयांश भागावर पानोरा शिल्लक राहावा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, फांद्यांवर घरटी नाहीत याची खात्री करून हे काम केल्यास हिवाळ्याच्या आधी ग्रीनला त्याचा लाभ मिळतो. झाडांखाली कुंपणासारखी वाढलेली झुडपे असतील, तर तीही मोकळी करावीत. त्यांच्यामुळे वारा अडतो, दव उशिरापर्यंत टिकते आणि पातीवर बुरशीला आयते घर मिळते.

कापणीच्या बाबतीत ग्रीन सांभाळणाऱ्यांना थोडी तडजोड करावी लागेल. गवताचे पान हाच त्याचा उजेड पकडण्याचा पृष्ठभाग आहे. तो जितका खाली कापाल तितका उपवास वाढतो. आपण आज चार मिलिमीटरवर कापत असाल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सहा मिलिमीटरवर यावे आणि ग्रीनभोवतालच्या पट्ट्यातील गवत २५ मिलिमीटरपर्यंत वाढू द्यावे. उंची वाढवल्याने चेंडूचा वेग मंदावतो, ही खेळाडूंची तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे एक दिवस कापणी आणि एक दिवस हलका रोलर फिरवणे. रोलरमुळे पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि कापणीचा ताणही निम्मा होतो. रोलर ओल्या मातीवर मात्र फिरवू नये. आपल्या काळ्या मातीचा थोडाही अंश ग्रीनखालच्या थरात असेल, तर ओलसर असताना दाबली गेलेली ती माती हवा धरेनाशी होते.

नत्राची मात्रा सावलीच्या भागात उन्हातल्या भागाच्या निम्मी ठेवावी आणि हिवाळ्यात युरिया पूर्ण थांबवावा. पालाश (पोटॅश) मात्र कमी करू नये. सल्फेट ऑफ पोटॅश थोड्या थोड्या मात्रेत दिल्यास पाती कणखर राहण्यास मदत होते. पाण्याच्या बाबतीत अधिक लक्ष द्यावे लागते, कारण सावलीत बाष्पीभवन कमी असल्याने गवताला पाणी कमी लागते, पण त्याच वरच्या थरातून निंबाची तंतुमुळेही पाणी ओढत असतात. ठरावीक वेळेला ठरावीक मिनिटे तुषार सोडण्याऐवजी चाकू किंवा सळई जमिनीत खुपसून ओल कुठवर आहे ते पाहावे आणि वरचा थर सुकू लागल्यावर एकदाच, पहाटे, खोलवर भिजेल असे पाणी द्यावे. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर पातीवर राहते, आणि सकाळचे ऊन अडलेल्या ग्रीनवर ते सकाळी दहापर्यंतही सुकत नाही.

टिफड्वार्फला उगवणारे बी येत नाही. ते काड्यांपासून किंवा गवताच्या तुकड्यांपासूनच वाढवले जाते. उघड्या जागेत आपण टाकलेले बी साध्या हरळीचे आहे. ते उगवले असेल, तर तेथे जाड पातीचे, वेगळ्या रंगाचे ठिपके तयार होतील आणि चेंडू त्यांवरून सरळ जाणार नाही. असे ठिपके दिसताच मुळासकट काढावेत आणि उन्हातल्या भागातले टिफड्वार्फचे तुकडे तेथे बसवावेत. हे काम थंडीत करू नये. मार्चअखेरपासून, वाढ सुरू झाल्यावर, केलेली भरणी लवकर जीव धरते. तोपर्यंत भोकाची जागा उन्हातल्या बाजूला ठेवावी आणि सावलीच्या बाजूने ये-जा बंद करावी. भुकेल्या गवताला तुडवणे सोसत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये निंबाची पानगळ होते आणि जून-जुलैमध्ये पिकलेल्या निंबोळ्या पडतात. दोन्ही गोष्टी ग्रीनवर एक दिवसही साचू देऊ नयेत. पानांचा थर उरलासुरला उजेड अडवतो, आणि चेंगरलेल्या निंबोळीच्या चिकट गराखाली पाती कुजते, शिवाय रोपेही उगवतात. लोखंडी दातेरी पंजाने ओढण्याऐवजी मऊ खराटा किंवा हवेचे यंत्र वापरावे.

एवढे सर्व करूनही पुढच्या डिसेंबरमध्ये सहा तासांपेक्षा कमी ऊन मोजले गेले, तर त्या जागी ग्रीन टिकणार नाही असे समजावे. नवे ग्रीन झाडांच्या दक्षिणेला करता आल्यास उत्तम, कारण हिवाळ्यात ती बाजू दिवसभर उन्हात असते आणि जूनमध्ये सूर्य किंचित उत्तरेला गेला, तरी १० मीटरच्या झाडाची मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे जेमतेम एक मीटर पडते. दक्षिणेला जागा नसेल, तर पूर्वेला करावे. तेथे सकाळचे ऊन मिळून दव सुकते आणि एप्रिल-मेमध्ये चार वाजताच्या भाजणाऱ्या उन्हापासून आडोसाही मिळतो. आजच्या जागेवर मध्यम सावली सोसणारे मनिला गवत लावून ते २५ मिलिमीटरवर राखल्यास चिपिंगच्या, म्हणजे जवळून चेंडू हलकेच उचलून ग्रीनकडे मारण्याच्या, सरावासाठी तिचा चांगला उपयोग होईल.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात एक मोठा रेन ट्री आणि दोन आंबे आहेत. खाली मुलांना खेळण्यासाठी लॉन हवे आहे. रोपवाटिकेत कुणी कार्पेट ग्रास, कुणी मेक्सिकन, कुणी सेंट ऑगस्टिन सुचवतात. सावलीत नेमके कोणते गवत येते?
— संस्थेच्या अध्यक्षा, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : आपल्या आवारातील दोन प्रकारच्या झाडांचा विचार निरनिराळा करावा लागेल. रेन ट्रीची सावली विस्तीर्ण असली, तरी पाने संयुक्त आणि बारीक पर्णिकांची असल्याने ती झिरझिरीत असते. संध्याकाळी आणि ढगाळ हवेत त्याच्या पर्णिका मिटतात, त्यामुळे पाऊस थेट खाली पोचतो. शिवाय ते शेंगवर्गीय झाड असल्याने त्याच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधतात. त्याच्याखालचे गवत कधी कधी मोकळ्या जागेपेक्षा हिरवे दिसते, ते यामुळेच. आंब्याचे तसे नाही. त्याचा पानोरा बारमाही आणि घट्ट असतो, आणि त्याच्या ऐन बुंध्याजवळ कोणतेही गवत तग धरणार नाही.

रेन ट्रीच्या घेराखाली, जेथे दिवसभरात चार-पाच तास थेट किंवा झिरपते ऊन मिळते, तेथे सेंट ऑगस्टिन लावावे. उष्ण प्रदेशातील गवतांत सावली सोसण्यात ते वरच्या क्रमांकावर आहे. त्याची पाती रुंद असते आणि ते ६० ते ७५ मिलिमीटरवर कापावे लागते, त्यामुळे ते मखमली दिसत नाही, हे आधीच सभासदांना सांगून ठेवावे. मनिला गवत दिसायला बारीक आणि दाट असते, सावलीही मध्यम प्रमाणात सोसते, पण फार सावकाश पसरते. मुलांनी एकदा उखडलेली जागा भरून यायला महिने लागतात. रुंद पातीचे कार्पेट ग्रास सावलीत चांगले येते, परंतु त्याला जमीन सतत ओलसर लागते. ज्या शहरात नळाला दररोज पाणी येत नाही, तेथे ते लावण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. रोपवाटिकांमध्ये मेक्सिकन या नावाने निरनिराळी गवते विकली जातात. म्हणून नावावर न जाता, ते सावलीत वाढलेले कोठे पाहायला मिळेल असे विचारावे आणि प्रत्यक्ष पाहूनच घ्यावे.

आंब्यांखाली गवताचा हट्ट सोडावा. झाडाचीच गळलेली पाने बारीक करून पाच-सात सेंटिमीटरचा थर पसरावा, तो बुंध्याला टेकणार नाही इतके अंतर सोडावे आणि मुलांच्या येण्याजाण्यासाठी मध्ये सुट्या फरशा टाकाव्यात. हिरवाई हवीच असेल, तर मोंडो ग्रास किंवा स्पायडर प्लांट लावता येईल. पिवळ्या फुलांचे वेडेलिया मात्र कितीही स्वस्त मिळाले, तरी लावू नये. ते एकदा पसरले की आवरत नाही आणि दुसरे काही उगवू देत नाही.

प्रश्न : बंगल्यासमोरच्या गुलमोहराची मुळे लॉनमध्ये वर आली आहेत. कापणीचे यंत्र त्यांवर आपटते. माळी म्हणतो, फूटभर लाल माती टाकून मुळे झाकू आणि त्यावर नवे लॉन लावू. दुसरा म्हणतो, मुळे तोडून टाकू. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोघांचेही ऐकू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या ३० ते ६० सेंटिमीटरमध्ये असतात आणि पानोऱ्याच्या घेराबाहेरही बरीच दूर पसरलेली असतात. ती श्वास घेतात. त्यांवर फूटभर माती पडली, की हवा तुटते आणि झाड दोन-तीन वर्षांत शेंड्याकडून वाळू लागते. तोपर्यंत त्या मातीची आठवणही कुणाला राहत नाही आणि दोष कीड-रोगाला दिला जातो. बुंध्याभोवती माती चढवल्यास साल सतत ओली राहून कुजते, ते आणखी वेगळे. शिवाय नव्या मातीतही काही काळाने मुळे पुन्हा वर येतातच.

जाड मुळे तोडण्यात धोका याहून मोठा आहे. गुलमोहर उथळ मुळांचे, ठिसूळ लाकडाचे झाड आहे. वळवाच्या वादळात आपल्याकडे उन्मळून पडलेल्या झाडांत तो हमखास दिसतो. बुंध्याजवळची मुळे तोडणे म्हणजे त्याचा आधार काढून घेणे होय. जपण्याचे अंतर ठरवण्याचा एक रूढ हिशेब असा, की बुंध्याचा व्यास छातीच्या उंचीवर मोजावा आणि त्याच्या बारा पट त्रिज्येच्या वर्तुळात मुळांना हात लावू नये. बुंधा ४० सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर हे वर्तुळ सुमारे पावणेपाच मीटर त्रिज्येचे होते. गोल्फच्या मैदानांवर ग्रीन आणि झाडे यांच्यामध्ये ४५ ते ६० सेंटिमीटर खोल चर घेऊन मुळे छाटतात आणि त्यात जाड प्लास्टिकचा पडदा उभा करतात, पण तेही या वर्तुळाबाहेर आणि एका वेळी झाडाच्या एकाच बाजूला करायचे असते.

आपण इतकेच करावे, की वर आलेल्या मुळांच्या भागातून लॉन मागे घ्यावे आणि त्या जागेला वळणदार कड देऊन आत पालापाचोळा पसरावा. यंत्र आपटायचे थांबेल आणि मुळांवरच्या जखमाही थांबतील. एखादे मूळ उरलेल्या लॉनमध्ये थोडेसेच उघडे असेल, तर त्याच्या आजूबाजूला वाळूमिश्रित पोयटा दोन सेंटिमीटरपर्यंत पसरण्यास हरकत नाही.

प्रश्न : करंजाखालच्या लॉनची कोवळी पाती पिवळी पडते, शिरा मात्र हिरव्या राहतात. आम्ही बोअरचे पाणी देतो. हे सावलीमुळेच असेल का?
— एक शिक्षिका, होटगी रस्ता

उत्तर : सावलीने गवत फिकट होते, पण तेव्हा सगळी पाती सारखीच फिकटते. कोवळ्या पातीच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. सोलापूरच्या बऱ्याच जमिनी चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी (आम्लधर्मीच्या उलट) आहेत, आणि बोअरचे जड पाणी त्यांत भर घालते. अशा जमिनीत लोह असते, पण ते मुळांना घेता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी उन्हे उतरल्यावर पातीवर फवारावे. फरशीवर उडू देऊ नये, गंजासारखे डाग पडतात. दहा-बारा दिवसांत रंग सुधारला, तर निदान बरोबर आहे असे समजावे आणि मग माती व पाणी दोन्हींची तपासणी करून पुढचे ठरवावे. नत्राच्या कमतरतेत याउलट जुनी, खालची पाने आधी पिवळी पडतात, हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न : आमच्या लॉनवर झाडाची नव्हे, तर शेजारच्या पाच मजली इमारतीची सावली पडते. वरील नियम येथेही लागू होतात का?
— एक वाचक, सात रस्ता परिसर

उत्तर : उजेडाच्या तासांचा हिशेब तोच लागू होतो, मात्र येथे मुळांची स्पर्धा नसते आणि भिंत झाडाच्या पानांसारखा प्रकाश गाळत नाही, त्यामुळे तितक्याच तासांच्या उन्हात गवत थोडे बरे राहते. इमारत लॉनच्या दक्षिणेला असेल, तर हिवाळ्याचे काही महिने भिंतीलगतच्या पट्ट्यावर थेट ऊन जवळजवळ येणारच नाही. तो पट्टा कुंड्यांसाठी ठेवावा.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये झाडाखालच्या उघड्या जागेवर काळपट-हिरवा, निसरडा थर येतो. त्यावर चुना टाकावा का?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : चुना टाकू नये, आपल्या जमिनीत तो आधीच पुष्कळ आहे. हा थर शैवालाचा असून तो गवत मारत नाही, तर गवत गेलेल्या ओल्या, दाबलेल्या जागेवर येतो. सप्टेंबर हा आपल्याकडे सर्वाधिक पावसाचा महिना असल्याने तेव्हा तो उठून दिसतो. उघडीप मिळताच थर खरवडून काढावा, जमीन काटेरी अवजाराने १० सेंटिमीटर खोल टोचून घ्यावी, छिद्रांत जाडसर धुतलेली वाळू भरावी आणि पाणी साचणार नाही असा उतार द्यावा.

प्रश्न : शहरातील खासगी आवारातल्या झाडाच्या फांद्या लॉनसाठी छाटायच्या असल्यास परवानगी लागते का?
— गृहनिर्माण संस्थेचे सचिव, रेल्वे लाइन्स

उत्तर : महापालिका आणि नगरपालिका क्षेत्रांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड आपल्या आवारातले असले, तरी ते तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असते, आणि तोडणे या संज्ञेत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले आहे. म्हणून छाटणीपूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करावा. अर्जात कोणत्या फांद्या, किती उंचीपर्यंत आणि कशासाठी काढायच्या आहेत ते लिहून झाडाची सर्व बाजूंनी छायाचित्रे जोडावीत, आणि परवानगी हातात आल्यावरच छाटणी करणाऱ्याला बोलवावे. छाटणीच्या वेळी संस्थेच्या एका जबाबदार सभासदाने तेथे थांबून, मान्य झालेल्या फांद्यांखेरीज दुसऱ्या फांदीवर कुऱ्हाड पडत नाही, हे पाहावे.